चाकणचा कांदा, भोसरीची शेड

चाकण म्हटलं की जुन्या माणसाला आधी आठवतो कांदा. त्याहून मागं जायचं तर संग्रामदुर्ग. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढं तो भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. किल्ला आणि कांदा, या दोन गोष्टींवर आमच्या खेड तालुक्याची ओळख कित्येक पिढ्या चालली. आता पोरं कंपनीचं नाव सांगतात आणि मग त्या कंपनीच्या मागं आपलं गाव कुठं ते सांगतात.

कारखाने आले आणि भाग सुधारला, असं सगळे म्हणतात. ते खोटं नाही. पण कारखाना आणणं वेगळं आणि कारखानदार घडवणं वेगळं. पिंपरी-भोसरीत दुसरी गोष्ट कशी घडली ते मी लहानपणापासून पाहत आलो.

सुरुवात झाली औषधापासून. 1954 साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत, सरकारचा पैसा, आणि तयार होणार होतं पेनिसिलिन. तिथल्याच संशोधकांनी पुढं हॅमायसिन हे औषध शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आमच्या गावाचं नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वहीत गेलं, आणि शेजारच्या गावांना त्याचा पत्ताही नव्हता.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. माळरानावर रस्ते, पाणी, वीज आली, प्लॉट पडले. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि 1982 साली महानगरपालिका. ज्वारी-बाजरीची गावं बारा वर्षांत शहर झाली.

टेल्कोची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुमंत मुळगावकरांनी पुण्याचा कारखाना उभारताना ट्रकची घाई केली नाही. काम सुरू झालं 1966 च्या सुमारास आणि पुण्यातून पहिली गाडी निघाली 1977 साली. मधल्या काळात यंत्रं, साचे, हत्यारं घडवली गेली आणि ती घडवणारे हात तयार झाले. माझे एक चुलते त्याच काळात या पट्ट्यातल्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले. मोटेचं पाणी आणि बैलगाडीची धाव एवढीच त्यांची तोवरची यंत्रविद्या. सुरुवातीचे कित्येक आठवडे फाइल घेऊन लोखंडाचा ठोकळा घासायचा. चारी बाजू सरळ, कोपरा गुण्यात. आजी म्हणायची, "आरं, ह्यो पगार घेऊन लोखंड घासतोय, ह्याला येड लागलंय का?" चुलते हसायचे. "आई, ठोकळा नाय, मीच गुण्यात येतोय."

आठ-दहा वर्षांनी नोकरी सोडून त्यांनी एका मित्राबरोबर भोसरीत अर्धी शेड भाड्यानं घेतली. भांडवल म्हणजे काकूच्या पाटल्या, भिशीचे पैसे आणि एक जुना लेथ. घरात चार दिवस चूल पेटल्यासारखी न पेटल्यासारखी. सुखाची नोकरी सोडणारा माणूस आमच्याकडं तोवर कुणी पाहिला नव्हता.

सुट्टीत मी त्यांच्याकडं जायचो. माझं काम सायकलचं. कॅरिअरला क्रेट बांधायचा आणि एका शेडचा माल दुसऱ्या शेडला पोचवायचा. आमच्याकडं टर्निंग, पलीकडच्या गल्लीत मिलिंग, तिथून हीट ट्रीटमेंट, मग प्लेटिंग. एक नग चार मालकांच्या हातातून जायचा. कुणाकडंच सगळी यंत्रं नव्हती, त्यामुळं सगळ्यांना सगळ्यांची गरज. मायक्रोमीटर उसना, टॅप उसना, कधी कामगारसुद्धा दोन दिवसांपुरता उसना. ड्रॉइंगमधलं माप चुकीचं आहे हे संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळायचं, आणि सकाळी माल दुरुस्त व्हायचा. हीच तीन गावं लांब असती तर त्याच चुकीला आठ दिवस लागले असते.

एकदा चुलत्यांनी एक फिक्श्चर बनवलं. जॉब दोनदा बांधून दोन भोकं पाडावी लागायची, ती एकाच बांधणीत होऊ लागली. आठवड्याभरात शेजाऱ्यानं तसंच करून घेतलं. मला राग आला. चुलते म्हणाले, "आपण तरी क्लॅम्प कुणाचा बघून केला?" आज ज्याला नवोपक्रम म्हणतात तो आम्ही असा पाहिला. त्याला पेटंट नव्हतं, शेजार होता.

पण या शेजाराची खरी परीक्षा बिलांच्या वेळी व्हायची. एका मोठ्या कारखान्यानं चुलत्यांचे पैसे सहा महिने अडकवले. मालात खोट नव्हती. "पुढच्या महिन्यात" एवढंच उत्तर. कामगारांचा पगार कसा करायचा? तेव्हा लोखंडाच्या व्यापाऱ्यानं उधारी वाढवली आणि भिशीतल्या मंडळींनी नंबर नसताना चुलत्यांना रक्कम दिली. शेड वाचली. पुढं 2006 साली कायदा झाला, लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. अलीकडं आयकराच्या कायद्यातही त्याला जोर दिला आहे. चांगलंच झालं. तरी ज्याच्याकडून उद्याची ऑर्डर हवी, त्याच्यावर आज तक्रार करायला छाती लागते. ती एकट्याला नसते. म्हणून संघटना लागते.

चाकणला गोष्ट उलटी घडली. 1999 साली बजाज आली, 2009 च्या सुमारास मर्सिडीज आणि फोक्सवॅगन, मागोमाग महिंद्रा. या कंपन्या तयार होऊनच आल्या. सुटे भाग कुणाकडून घ्यायचे हेही बरंचसं आधी ठरलेलं. आमच्या लोकांना मिळाला जमिनीचा पैसा. मग बंगले झाले, भाड्याच्या खोल्या झाल्या, पाण्याचे टँकर, कामगारांच्या बस, कँटीन, मजूर पुरवण्याची कंत्राटं. हेही धंदेच आहेत, त्यांनाही अक्कल आणि धमक लागते. पण हे धंदे जागेच्या जोरावर उभे आहेत. जागा एकदाच विकता येते. हातातली विद्या रोज विकली तरी संपत नाही.

भोसरीला शिकायला पंधरा-वीस वर्षं मिळाली, चाकणला मिळाली नाहीत. हाच मला दोन्हींतला फरक दिसतो. आणि आता वेळ आणखी कमी आहे. विजेच्या गाडीला पिस्टन लागत नाही, व्हॉल्व्ह लागत नाही. इंजिनाचे भाग घासून ज्यांनी घरं बांधली त्यांना नवं शिकावंच लागेल, आणि नव्या भागाची चाचणी घेणारं यंत्र एकट्या शेडवाल्याला झेपत नाही. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरसारखी सामायिक सोय म्हणूनच मोलाची. तशी चाकणच्या गल्लीगल्लीतून सायकलनं पोचता येईल इतकी जवळ हवी.

आणखी एक. आमच्या गावात "गाववाले" आणि "बाहेरचे" असा शब्द हल्ली फार चालतो. खोलीचं भाडं घेताना कुणाला बाहेरचा चालतो, ग्रामसभेत चालत नाही. पण भोसरीची अर्धी कारागिरी लातूर, परभणी, सोलापूरकडून, नि पुढं बिहार-उत्तर प्रदेशातून आली. ती माणसं परकी धरली असती तर चार शेडांचा तो नग पहिल्याच शेडमध्ये अडकला असता.

चुलते आता थकलेत. शेड त्यांचा मुलगा चालवतो, गेज आणि फिक्श्चर बनवतो. गेल्या दिवाळीनंतर त्याच्याकडचा एक परभणीचा ऑपरेटर काम सोडून स्वतःचं सुरू करायला निघाला. भावाला वाईट वाटलं. हाताखालचा चांगला माणूस जातो म्हटल्यावर वाटणारच. चुलत्यांनी कोपऱ्यातलं जुनं ड्रिल मशिन त्याला हप्त्यानं देऊन टाकलं. कागद नाही, जामीन नाही. त्याचे दोन हप्ते आलेत, तिसरा थोडा लांबलाय. भाऊ कुरकुरतो. चुलते विचारतात, "त्याला काम मिळालं का, ते आधी बघ. नसंल तर आपल्यातलं थोडं दे."