गठ्ठ्याने घेतलेला टपाल

पुण्याच्या एखाद्या शाळेत तास चालू आहे आणि शिपाई चिठ्ठीगणिक दार ठोठावतो आहे. शिकवणे कसे होणार? ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, अशीच गत होई. नेटवर्कवरून येणारे प्रत्येक पॅकेट हातातले काम थांबवी. पॅकेटे तुरळक होती तोवर ठीक. पूर आला की सारा वेळ ती उचलण्यातच जाई, पुढे काहीच पोचत नसे. १९९६ मध्ये जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनी उपाय मांडला: पहिल्या इशाऱ्यानंतर इशारे थांबवावेत, ठरावीक संख्येने पॅकेटे उचलावीत, रांग संपली की इशारे पुन्हा सुरू करावेत. २००१-०२ मध्ये लिनक्सने हीच वाट धरली. २०१८ पासून पॅकेटांचे गठ्ठेही एकत्र पुढे जाऊ लागले. यंत्र तेच; बदलली ती दार ठोठावण्याची रीत!