टेलिफोनची वाट कोण ठरवितो?



कचेरींत बसलेला गृहस्थ टेलिफोन उचलतो, तीन आंकडे दाबतो आणि वरच्या मजल्यावरील हिशेबनीस त्याला ओ देतो. या दोन क्षणांच्या मध्यें काय घडलें याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. बोलणें पोंचलें कीं काम झालें! परंतु बोलणें कोणाकडे पोंचवावयाचें, कोणत्या वाटेनें पोंचवावयाचें, आणि ती वाट अडलेली असल्यास मग काय करावयाचें, याचा निर्णय त्या क्षणांत कोणी तरी घेतलेला असतो. हा निर्णय प्रथम माणूस घेत असे, मग चाकें-खटके घेऊं लागले, आणि आज तो आधींच लिहून ठेवलेल्या आज्ञा घेतात. या स्थित्यंतराचा इतिहास आज मला आपणांस सांगावयाचा आहे.

अमेरिकेंतील न्यू हेवन या गांवीं २८ जानेवारी १८७८ रोजीं जगांतील पहिलें व्यापारी एक्सचेंज सुरू झालें. वर्गणीदार अवघे २१. आपल्याकडे १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें एक्सचेंजें निघालीं. प्रारंभीं फळ्यापाशीं पोरें बसवीत. पण तीं दंगा करीत आणि गिऱ्हाइकांना उलट उत्तरें देत. म्हणून बोस्टन येथें १८७८ च्या सप्टेंबरांत एम्मा नट या तरुणीची नेमणूक झाली, आणि पुढें हें काम बहुतेक ठिकाणीं स्त्रियांकडेच गेलें. या ऑपरेटरबाईचें काम केवळ दोरी खुपसण्याचें होतें असें समजूं नये. डॉक्टर घरीं नाहींत, ते अमुक रोग्याकडे गेले आहेत, तेव्हां तेथेंच जोडून देतें, असें ती आपण होऊन सांगूं शके. आजचीं यंत्रें महत्प्रयासानें जें करतात, तें लहान गांवांतील बाई सहज करी. मात्र जिच्या हातीं कृपा करणें असतें, तिच्याच हातीं अवकृपा करणेंही असतें.

येथेंच आल्मन स्ट्राउजर या गृहस्थाचा प्रवेश होतो. हा कॅन्सास सिटींत प्रेतसंस्काराचें सामान पुरविण्याचा धंदा करी. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्सचेंजांत ऑपरेटर होती आणि "मला स्ट्राउजर पाहिजे" असें सांगणाऱ्या शोकाकुल माणसांना ती आपल्या नवऱ्याकडेच जोडून देई, अशी कथा आहे. कथेचे पाठभेद पुष्कळ आहेत, आणि तिचा शब्द न् शब्द खरा मानण्याचें कारण नाहीं. पण मधल्या माणसावांचून टेलिफोन जोडला जावा या ध्यासानें त्यानें यंत्र रचलें, हें खरें. १० मार्च १८९१ रोजीं त्याला पेटंट मिळालें, आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट येथें पहिलें स्वयंचलित एक्सचेंज उघडलें.

पुढें या पद्धतीचा जो निवडक प्रसिद्धीस आला, त्याची रचना मोठी मौजेची आहे. एका दांड्याला स्पर्शक बसविलेला. सभोंवतीं दहा थर, आणि प्रत्येक थरांत दहा टोकें. आपण चार हा आंकडा फिरविला कीं विजेचे चार ठोके येतात, आणि दांडा चार पायऱ्या वर चढतो. मग सात फिरविला कीं तो आडवा सात घरें सरकतो. शंभर टोकांपैकीं नेमकें एक सांपडलें! आरंभीं हे ठोके बटण दाबून मोजून द्यावे लागत. बोटानें फिरविण्याची तबकडी १८९६ च्या सुमारास आली. ज्यांनीं जुन्या एक्सचेंजच्या दालनांत क्षणभर तरी पाऊल टाकलें असेल, त्यांना तो अखंड खडखडाट विसरतां यावयाचा नाहीं.

या यंत्रांत पक्षपात नव्हता, पण बुद्धीही नव्हती. प्रत्येक आंकडा येईल तसतशी वाट बांधली जाई. म्हणजे नंबर हीच वाट. कारकून एका खोलींतून दुसरींत गेला आणि त्याला जुनाच नंबर हवा असला, तर तारा उकलून पुन्हां जोडाव्या लागत. लंडनसारख्या शहरांत शेंकडों एक्सचेंजें एकमेकांशीं जोडावयाची झाल्यावर हें ओझें असह्य झालें. तेव्हां १९२७ सालीं होबर्न एक्सचेंजांत 'डायरेक्टर' नांवाची योजना सुरू झाली. वर्गणीदारानें फिरविलेलीं पहिलीं तीन अक्षरें हें यंत्र आधीं साठवून घेई, आपल्या तारांच्या जुळणींत त्यांचा अर्थ पाही, आणि मग तेथवर जाण्याचे निराळेच आंकडे स्वतः पुढें पाठवी. माझ्या मतें खरी क्रांति ही. नंबर हें नांव झालें आणि वाट ही निराळी वस्तु झाली. नांव तेंच ठेवून वाट बदलतां येऊं लागली. फक्त ती बदलण्यास अद्याप डाग देण्याची कांडी लागे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील ए. के. एरलांग या गणितज्ञानें १९०९ पासून दुसऱ्या बाजूस हात घातला होता. इतके लोक इतका वेळ बोलत असतां किती तारा ठेवल्या म्हणजे कितींना विन्मुख जावें लागेल, याचें सूत्र त्यानें १९१७ त प्रसिद्ध केलें. टेलिफोनच्या रहदारीचें माप आजही त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.

तारांची जागा लिहिलेल्या आज्ञांनीं घेतली ती बेल प्रयोगशाळेंत. १९६० त इलिनॉय संस्थानांतील मॉरिस येथें प्रयोग झाला. १९६३ त फ्लॉरिडांतील कोको बीच येथें कचेऱ्यांसाठीं तसेंच यंत्र बसविलें गेलें. आणि १९६५ च्या मे महिन्यांत न्यू जर्सींतील सकासना येथें सबंध एक्सचेंज त्या पद्धतीनें चालूं लागलें. आज्ञा आणि वाटांचे तक्ते ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरील चिमुकल्या लोहचुंबकांत साठविलेले असत. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांहून अधिक बंद पडूं नये, अशी त्याची प्रतिज्ञा होती!

कचेरीच्या यंत्रांतील असा तक्ता कसा असतो तें पहा. पहिला आंकडा दोन असेल तर तो घरचा नंबर समज. आणखी दोन आंकड्यांची वाट पहा. पहिला नऊ असेल तर बाहेरची तार दे. बाहेरून कोणी आल्यास प्रथम स्वागतिकेची घंटा वाजव. वीस सेकंदांत उत्तर नाहीं मिळालें तर तिच्या शेजारणीची. सहा वाजल्यानंतर थेट पहारेकऱ्याची. असे नियम वाचावयास सोपे. लिहितांना मात्र फार जपावें लागतें. सर्वांत नेमका नियम आधीं तपासावा, मोघम नियम शेवटीं; हा क्रम उलटा झाला कीं मोघम नियम सर्वांनाच गिळून टाकतो. दोघे गृहस्थ रजेवर जातांना आपले टेलिफोन परस्परांकडे वळवून गेले, तर येणारा बिचारा दोघांच्या मध्यें फिरतच राहील. ऑपरेटरबाई दुसऱ्याच फेरीला म्हणाली असती, "अहो, दोघेही नाहींत!" यंत्राला तें सांगून ठेवावें लागतें.

एकाच वेळीं हजारों हांका आल्या तर? एर्ना हूव्हर या तर्कशास्त्रांत मुरलेल्या विदुषीनें यावर उपाय काढला. त्याची टिपणें तिनें बाळंतपणाच्या वेळीं इस्पितळांत केलीं, असें सांगतात. हांकांची गर्दी वाढतांच यंत्रानें हिशेबाचीं कामें मागें ठेवावीं आणि आलेल्या माणसाकडे आधीं पाहावें, हें त्याचें मर्म. १९७१ त तिला पेटंट मिळालें.

आपल्याकडे सी-डॉट ही संस्था १९८४ त निघाली, आणि धारवाड-बेळगांवच्या वाटेवरील कित्तूर येथें १९८६ त तिचें ग्रामीण एक्सचेंज बसलें. धूळ व उन्हाळा सोसणारें, वातानुकूलित खोली न मागणारें हें यंत्र! पुढें १९९९ त मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणानें कचेरीचा टेलिफोन-फळा विकत घेणें परवडेना म्हणून साध्या संगणकावर चालणारा 'ॲस्टेरिस्क' लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. तेव्हांपासून वाटांचे नियम लिहिणें हें कोणाही हौशी माणसाच्या आवाक्यांतलें झालें.

पण लिहिलेल्या आज्ञेंत चूक राहिली तर ती किती दूरवर जाते, हें १५ जानेवारी १९९० रोजीं दिसून आलें. अमेरिकेंतील ए. टी. अँड टी. कंपनीचें न्यूयॉर्कमधील एक यंत्र किंचित् बिघडून पुन्हां सुरू झालें, आणि "मी आलों" असें त्यानें शेजाऱ्यांस कळविलें. नव्या क्रमलेखांत एक शब्द चुकीच्या जागीं पडला होता. त्यामुळें लागोपाठ दोन निरोप मिळतांच शेजारी यंत्रें स्वतःच कोलमडत, सांवरत, आणि "मी आलों" म्हणून पुढच्यांना पाडीत. अशीं ११४ यंत्रें सुमारें नऊ तास एकमेकांना पाडीत राहिलीं.

दुसरी घटना याहून लहान, पण मला ती अधिक टोंचते. १९१० त नव्हे, तर २०१३ च्या डिसेंबरांत टेक्सासमधील मार्शल गांवीं एका उतारशाळेच्या खोलींत एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनें शिकविल्याप्रमाणें ९११ हा संकटकाळचा नंबर फिरविला. एकदां नव्हे, चार वेळां. तिच्या बोटांत चूक नव्हती. त्या खोलींतून बाहेरची तार मिळण्यास आधीं आणखी एक नऊ लागे, आणि तें त्या मुलीला ठाऊक नव्हतें. यंत्राच्या हिशेबीं तिनें बाहेरची तार मागितली होती आणि पुढें अपुरा नंबर दिला होता. आई वांचली नाहीं. तक्त्यांत एक नियम वाढविला असता तर हांक बाहेर गेली असती. तो नियम तेथें नव्हता, कारण कोणी तसा विचारच केला नव्हता.

मुलीच्या आजोबांनीं हा प्रश्न लावून धरला. २०१८ च्या फेब्रुवारींत त्या स्त्रीच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा अमेरिकेंत संमत झाला, आणि १६ फेब्रुवारी २०२० नंतर तेथें बसविलेल्या प्रत्येक कचेरीच्या व उतारशाळेच्या यंत्राला तो लागू आहे. आधीं कोणताही आंकडा न लावतां ९११ थेट बाहेर गेलें पाहिजे, आणि त्याच क्षणीं समोरच्या मेजावरील माणसाला त्याची सूचना मिळाली पाहिजे.