ओठ, आवाज आणि ओवी

बार्शीटाकळीच्या एका विद्यार्थ्याने आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ करण्याचे ठरविले, तेव्हा आम्ही त्याला प्रचलित रीत सांगितली : आधी ध्वनिमुद्रण करावे, मग ते वाजवून ओठांची हालचाल निरनिराळ्या कोनांतून टिपावी आणि अखेरीस संकलनात तुकडे जुळवावेत. रीत फसली. आजी दर खेपेस ओवी बदलत होती. "तेच पुन्ना कसं म्हनू?" हा तिचा प्रश्न होता.

ही रीत मुळापासूनची नव्हे. १९३२ साली 'प्रभात'ने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला, तेव्हा गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे हे कलावंत कॅमेऱ्यासमोरच गात. वादक चौकटीबाहेर बसत. १९३५ साली कलकत्त्यात नितीन बोस यांच्या 'भाग्यचक्र'मध्ये व त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'धूपछाँव'मध्ये, पार्श्वगायन आले. गाणे आणि दृश्य वेगळे झाले, कॅमेरा मोकळा झाला. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा हा संकेतही प्रेक्षकांनी यथावकाश मान्य केला. १९८१ साली अमेरिकेत 'एमटीव्ही' सुरू झाल्यावर फोफावलेले संगीत-व्हिडिओही बहुतांशी याच पायावर उभे राहिले.

परंतु या संकेताला आधी ठरलेली संहिता लागते. ओवी तर दळता दळता घडते. म्हणून आम्ही १९३२ च्या रीतीकडे परतलो : एक कॅमेरा, सलग चित्रण, जात्याच्या घरघरीसह आवाज. चित्र थोडे हलले, काही शब्द घरघरीत बुडाले. पण आजी थांबली नाही. मौखिक रचना चित्रित करू पाहणाऱ्यांनी ती पुन्हा तशीच म्हटली जाते का, हे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते.