बुन्सेन बर्नर: नाव एकाचे, घडण दुसऱ्याची

१/ प्रयोगशाळेतील निळ्या ज्योतीचा बर्नर रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात तो घडवला पीटर देसागा या कारागिराने. त्या दोघांविषयी हा थ्रेड.

२/ बुन्सेन १८५२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात आले. त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा उभी राहत होती. दिवाबत्तीसाठी शहरात आलेला दगडी कोळशाचा गॅस तेथे पदार्थ तापवण्यासाठीही वापरावा, असे त्यांनी ठरवले.

३/ अडचण ज्योतीची होती. नुसता गॅस पेटवला की हवा केवळ ज्योतीच्या कडांना मिळते. ज्वलन अपुरे राहते, कार्बनचे कण तापून पिवळे चकाकतात आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते.

४/ गॅस व हवा जळण्यापूर्वीच एकत्र करावी, ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. मायकेल फॅरडे यांनीही तसा बर्नर वर्णिला होता. बुन्सेन यांनी १८५४ मध्ये हे तत्त्व विद्यापीठाचे यंत्रकारागीर देसागा यांच्यापुढे मांडले आणि देसागा यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले.

५/ रचना अशी: खाली जड बैठक, तिच्या बाजूला गॅसची नळी जोडण्याचे तोंड, आत बारीक छिद्राचा जेट, वर उभी नळी. जेटमधून वेगाने निघणारा गॅस नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून हवा ओढून घेतो. नळीत दोहोंचे मिश्रण होते व ते वरच्या टोकाशी जळते. आजच्या बर्नरवर फिरते कडे असते. त्याने छिद्रे झाकली की ज्योत पिवळी, उघडली की निळी. हवा प्रमाणाबाहेर गेली तर ज्योत नळीत उतरून जेटपाशी जळू लागते.

६/ १८५५ च्या आरंभी प्रयोगशाळा उघडली, तेव्हा असे ५० बर्नर तयार होते. बुन्सेन यांनी १८५७ मध्ये वर्णन प्रसिद्ध केले. पेटंट घेतले नाही.

७/ खरे फळ पुढे आले. या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्याने तीत धरलेल्या क्षाराचा रंग स्पष्ट दिसे. तो प्रकाश लोलकातून पाहून बुन्सेन व गुस्ताव किर्खहॉफ यांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधले.

८/ विज्ञानाच्या इतिहासात लेख लिहिणाऱ्याचे नाव टिकते. धातू कापून छिद्रे पाडणाऱ्याचे क्वचितच. यापुढे बर्नर पेटवताना देसागांचीही आठवण असू द्यावी.