पणजोबांच्या पट्ट्या

माझे पणजोबा, आमचे थोरले आबा, रानात निघण्याआधी जोत्यावर बसून पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळायचे. जुन्या धोतराच्या फाडलेल्या चिंध्याच त्या. पण घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वेढा कसा सारखा बसायचा. सापाकिरड्याचं भ्या, म्हणायचे. आजीला ते पटायचं नाही. "साप तर समद्यांच्याच रानात हाईत. पट्ट्या बसऱ्याहून आल्यात," ती म्हणे. आबा गेले तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. त्यामुळे हे मी स्वतः पाहिलं, की आजीच्या बोलण्यातून डोळ्यांत उतरलं, आता सांगता यायचं नाही.

२०१८ साली लेकीकडे लंडनला गेले होते. तिनं सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात अक्रम खानच्या 'झेनोस'ची तिकिटं काढली. झेनोस म्हणजे ग्रीक भाषेत परका. कथकवाला आहे, एवढंच मला ठाऊक, म्हटलं, बघू. लोक अजून खुर्च्या शोधत होते आणि समोर मैफल रंगात आलेली. गाणारा गातोय, तालवाला वाजवतोय, गाद्यागिर्द्या मांडलेल्या. मधेच दिवे फडफडायचे, आमच्या गावात वीज नवी आली होती तेव्हा फडफडायचे तसे. मग दोरांनी ते सगळं बिऱ्हाड मागच्या चढावरून वर ओढून नेलं आणि खाली उरली नुसती माती. नाचणारा खंदकातला शिपाई झाला. कुठलं आधी, कुठलं नंतर, माझा क्रम चुकत असेल. पण पायांतले ते लांबलचक चाळ त्यानं वेढ्यामागून वेढा सोडवले, तेव्हा मी लेकीचं मनगट घट्ट धरलं. तेच चाळ पुढे बेड्या झाले, छातीवरची काडतुसं झाले.

आबा ११० मराठा पलटणीत होते, असं घरात सांगत. कागद काही उरलेला नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात याचं कुणाला नवल नाही. अपशिंग्यासारख्या एका गावातून गेलेले ४६ जण पहिल्या महायुद्धात परतले नाहीत. आबा बोटीनं इराकातल्या बसऱ्याला उतरले, तिथून तैग्रिस नदीच्या काठाकाठानं वर, आणि शेवटी कूट गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडले. लहानपणी मला हे कूट म्हणजे दाण्याचंच वाटायचं. दाण्याच्या कुटाच्या ढिगाभोवती तुर्क बसलेत, असं चित्र मी कितीतरी वर्षं मनात बाळगलं होतं!

खरा वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य सरत आलं तशी घोडी कापायला घेतली. गोऱ्या पलटणींनी खाल्ली, आपल्यातल्या पुष्कळांनी तोंड फिरवलं. तिथला इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडनं हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांच्या परवानग्या बिनतारी संदेशानं मागवल्या, तरीही कित्येक जण हटले नाहीत. सातूच्या भाकरीवर हाडं राखत राहिले. इंग्रजांच्या पुस्तकांत याला भोळसटपणा म्हटल्याचं मी वाचलंय. मला तसं वाटत नाही. सरकारचा हुकूम निघाला की पायानं चालायचं, हातानं बंदूक धरायची. 'नाही' म्हणायला त्या पोरांपाशी तेवढं तोंडच उरलं होतं.

आबांनी खाल्लं का? कुणी विचारलं की ते उठून गोठ्यात जात. आमचं कुळदैवत खंडोबा, देव्हाऱ्यातल्या टाकावर तो घोड्यावर बसलेला. दर रविवारी आबा तो टाक स्वतः चिंचेनं घासत, सुनांना हात लावू देत नसत. आजीचा तर्क असा की खाल्लं असणार, म्हणून घासत. माझे वडील म्हणत, खाल्लं नाही, म्हणूनच तर समोर बसता येत होतं. सातूचं पीठ मात्र घरात कधी झालं नाही. एकदा नव्या सुनेनं हौसेनं गूळ घालून कालवलं, तर आबा भरल्या पानावरून उठले, आणि बिचारी दिवसभर रडली. ती नवी सून म्हणजे आजीच.

वेढा फुटला नाही. सगळी फौज कैद झाली, शिपायांना उन्हातून वाळवंटापार चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. आबा घरी आले ते लढाई संपल्यावर. तोवर पणजीनं कपाळावरचं कुंकू पुसायचं की ठेवायचं, यावर भावकीच्या दोन बैठका झाल्या होत्या. पणजीनं दोन्ही बैठकांना चहा-गूळ केला आणि कुंकू ठेवलं.

'झेनोस'मध्ये चढाच्या माथ्यावर एक ग्रामोफोन आहे. त्याच्या कर्ण्यातून शिपायांची नावं ऐकू येतात, मग तोच कर्णा झोतदिवा होऊन नाचणाऱ्याला हुडकत फिरतो. ती नावं ऐकताना मी उगीच आमच्या आडनावाची वाट पाहत बसले. बसऱ्याला इंग्रजांनी बांधलेलं मोठं स्मारक आहे; त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, आपल्या साध्या शिपायांची मात्र नुसती पलटण आणि आकडा.

नाव एका ठिकाणी होतं. आबांना मिळालेल्या चांदीच्या पदकाच्या काठावर इंग्रजीत कोरलेलं. माझे वडील जन्मले तेव्हा आबांनीच ते सोनाराकडे नेऊन आटवलं आणि नातवाला घुंगरांचे वाळे केले, अशी आजीची हकिगत. हे वाळे वडिलांनी घातले, मी घातले, माझ्या लेकीनंही.

परतताना भुयारी रेल्वेत मी हे लेकीला सांगितलं. ती बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

"आई, त्यातलं एक घुंगरू वाजायचं नाही ना?"

"डाव्या पायातलं," मी म्हटलं.