सहा महिन्यांचा कोर्स आणि लाल शाई

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी एका सेमिस्टरसाठी जपानला, सेन्दाईला गेले होते. पुण्यात क्लास लावून घाईघाईत जपानी शिकले होते, परीक्षाही पास झाले होते. तिथल्या पहिल्याच लेक्चरला कळलं, आपल्याला निम्मंही समजत नाहीये. मग आम्ही पाच भारतीय एकमेकांना धरून राहिलो. कुकरमध्ये खिचडी, शनिवार-रविवार भटकंती, इन्स्टावर फोटो.

त्या शहरात तोहोकू विद्यापीठाच्या जुन्या आवारात पायऱ्यापायऱ्यांचा एक वर्ग जपून ठेवलाय. १९०४ ते १९०६ या काळात तिथे एक चिनी विद्यार्थी बसायचा. पुढे तो लू शुन या नावाने आधुनिक चिनी साहित्याचा मोठा लेखक झाला. त्याच्यामुळे मी ही सगळी गोष्ट वाचायला घेतली.

१८९४-९५च्या युद्धात चीन जपानकडून हरला, आणि लगेच १८९६ मध्ये चीनने १३ विद्यार्थी जपानलाच शिकायला पाठवले. ज्याने हरवलं त्याच्याकडेच शिकवणी! कारणं अगदी व्यवहारी होती. युरोपपेक्षा जवळ, खर्च कमी, लिपी ओळखीची. शिवाय पाश्चात्त्य ज्ञान जपान्यांनी आधीच पचवून ठेवलेलं. या मुलांची जबाबदारी आली कानो जिगोरो यांच्यावर. हो, ज्युदोचे जनक तेच. पुढे त्यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी तोक्योत वेगळी शाळाच काढली.

१९०५ मध्ये चीनने शतकानुशतकं चालत आलेली सरकारी नोकरीची परीक्षा बंद केली. आता नोकरीसाठी नवं शिक्षण हवं, आणि तेही पटकन. जपानमधल्या चिनी विद्यार्थ्यांचा आकडा आठ हजारांच्या आसपास गेला. बहुतेकांनी धरले ते झटपट कोर्स. सहा-आठ महिने, शिक्षक जपानीत बोलणार, दुभाष्या चिनीत सांगणार, शेवटी सर्टिफिकेट. आमच्या क्षेत्रातले बूटकॅम्प आठवले ना? फी घेऊन कागद हातात देणारी दुकानंही निघाली.

पण या गर्दीला नुसतं हसून चालणार नाही. १९०५ मध्ये तोक्योतच सुन यत्-सेन यांची क्रांतिकारी संघटना उभी राहिली, आणि तिच्यात हेच विद्यार्थी होते. ज्या राजवटीने शिष्यवृत्त्या दिल्या, ती पुढच्या सात वर्षांत गेली.

लू शुन १९०२ मध्ये आला तो कानोंच्याच शाळेत. तोक्योतली आपल्याच लोकांची गर्दी, संध्याकाळचे नाचाचे सराव, हे त्याला नकोसं झालं. वैद्यक शिकायला तो मुद्दाम सेन्दाईला गेला. त्या कॉलेजात चिनी तो एकटाच.

तिथे शरीररचना शिकवायला फुजिनो गेन्कुरो होते. कपड्यांच्या बाबतीत अगदी गबाळा माणूस. त्यांनी लू शुनला विचारलं, माझं लेक्चर उतरवून घेता येतं का? आणि वही मागून घेतली. परत आली तेव्हा पानापानावर लाल शाई. सुटलेला मजकूर भरलेला, व्याकरणाच्या चुकाही सुधारलेल्या. मग दर आठवड्याला हेच.

वर्षाअखेरी लू शुन १४२ जणांत ६८वा आला. वर्गातल्या काहींना वाटलं, फुजिनोंनी पेपर फोडला असणार. एका चिन्याला इतके मार्क कसे? गंमत म्हणजे फुजिनोंच्याच विषयात त्याला ५९.३ मिळाले होते. म्हणजे नापास.

१९०६ मध्ये त्याने वैद्यक सोडलं. वर्गात दाखवलेल्या रशिया-जपान युद्धाच्या स्लाइडमध्ये एका चिन्याला हेर म्हणून मारत होते आणि भोवती चिनी माणसंच बघत उभी होती. शरीरं बरी करून काय होणार, असं त्याला वाटलं. निघताना सरांनी स्वतःचा फोटो दिला, पत्र लिहायला सांगितलं. त्याने कधीच लिहिलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं, मग उशीर झाला, मग लाज वाटली. फोटो मात्र पेकिंगच्या घरी भिंतीवर लावलेला होता. १९२६ मध्ये त्याने सरांवर लेख लिहिला. फुजिनो तोवर कॉलेज सोडून फुकुईतल्या गावी डॉक्टरकी करत होते. आपला विद्यार्थी इतका मोठा झालाय, हे त्यांना फार उशिरा कळलं.

ते पत्राचं वाचून मी थांबले. सेन्दाईतल्या माझ्या प्रोफेसरांनीही माझा लॅब रिपोर्ट असाच लाल करून दिला होता. दोन पानं टिपणं, जपानी वाक्यरचनेसकट. मला वाटलं अपमान केला. भारतात आल्यावर कधीतरी ती नीट वाचली. त्यांनी जे जे सुधारलं होतं, ते आज कुणाचा कोड तपासताना मी स्वतः करते. त्यांना मेल करायचा राहिलाय. सहा वर्षं झाली. ड्राफ्टमध्ये नुसतं ‘सेन्सेई’ एवढंच लिहून ठेवलंय.