कांदेनवमी आणि कांद्याची राखण

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी म्हणतात. त्या दिवशी घरोघरी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, झुणका असा बेत होतो. दोन दिवसांनी आषाढी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि अनेक घरांतून कांदा-लसूण हद्दपार होतो. तो परत येतो थेट मार्गशीर्षात. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत, रोडगा आणि पातीचा कांदा यांचा नैवेद्य दाखवला की मग कांदा पुन्हा ताटात.

या रिवाजामागे धर्म आहे, हे खरेच. मनुस्मृतीने लसूण आणि कांदा द्विजांना वर्ज्य ठरवला. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगने लिहून ठेवले आहे की, येथे कांदा-लसूण खाणारे लोक थोडे आणि जे खातात त्यांना नगराच्या तटाबाहेर राहावे लागते. दुसऱ्या बाजूला चरकसंहितेत ‘पलाण्डु’ म्हणून याच कांद्याचे गुण सांगितले आहेत. म्हणजे शास्त्राने नाकारलेला कांदा वैद्याने स्वीकारला होता आणि कष्टकऱ्याच्या भाकरीवरून तर तो कधी हललाच नाही.

पण मला वाटते, कांदेनवमीमागे धर्माइतकाच घरातल्या कोठीचाही हिशेब असावा. तो समजून घ्यायचा तर कांदा म्हणजे काय, हे आधी पाहायला हवे.

कांदा हे दोन हंगामांचे झाड. पहिल्या हंगामात ते पानांनी अन्न तयार करते आणि बुडाशी साठवते. ती साठवण म्हणजेच आपला कांदा. मग पात वाळते आणि कांदा झोपी जातो. पुढे अनुकूल हवा मिळाली की त्याला कोंब फुटतो, डोंगळा येतो, फूल आणि बी धरते. हे बी म्हणजे उळे. कांदा साठवणे म्हणजे त्याची ही झोप लांबवणे, दुसरे काही नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या, उष्ण हवेत तो शांत झोपतो. पावसाची दमट, गार हवा त्याला जागे करते. आषाढ-श्रावणात माळ्यावरच्या कांद्याला कोंब येऊ लागतात, काही आतून सडतात. ज्या सुमारास घरातला जुना कांदा हातचा जाऊ लागतो, त्याच सुमारास तो न खाण्याचे व्रत सुरू होते. आणि ज्या सुमारास खरिपाचा नवा कांदा शेतातून येतो, त्याच सुमारास ते व्रत सुटते. हा मेळ मोठा बोलका आहे.

परसबागेत कांदा करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ही झोपेची गोष्ट पुस्तकातून कळलेली नव्हती. पण तिचे सारे नियम त्या पाळत. साठवायचा कांदा नेहमी रब्बीचा, उन्हाळ कांदा. कार्तिकात उळे टाकायचे, सहा-आठ आठवड्यांनी रोप वाफ्यात लावायचे. दोन ओळींत वीतभराहून थोडे कमी, दोन रोपांत चार बोटांपेक्षा थोडे अधिक अंतर. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात अशी अडीचशेच्या आसपास रोपे बसतात. चैत्र-वैशाखात काढणी. खरिपाचा कांदा पावसात वाढतो, त्याच्या अंगात पाणी फार. तो लगेच खायचा, राखायचा नाही.

काढणीची वेळ कांदा स्वतःच सांगतो. पातीची मान मऊ होते आणि पात आडवी पडते. याला ‘माना पडणे’ म्हणतात. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की काढणी करावी, आणि त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. काढलेला कांदा तीन-चार दिवस वाफ्यातच पातीसकट पसरायचा, तोही असा की एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर यावी. ऊन पातीला लागावे, कांद्याला नाही. मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचे. मान सुकून मिटली की रोगाची वाट बंद होते. मान अगदी मुळापाशी कापली, तर तेच दार उघडे राहते. जोडकांदे, डोंगळा आलेले, जाड मानेचे आणि कापलेले कांदे आधी खायचे.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची रीत आणखी देखणी. भात निघाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा लावतात. त्याची पात कापत नाहीत, तर तिचीच वेणी घालून माळा करतात. माळ टांगली की प्रत्येक कांद्याला चहूबाजूंनी वारा मिळतो आणि ओल लागत नाही. बाजारातही हा कांदा माळेनेच विकला जातो.

कांदा परसातून बाजारात गेला, तेव्हा हीच राखण रोजीरोटीचा प्रश्न झाली. ज्याला कांदा राखता येतो तो भावाची वाट पाहू शकतो. ज्याला येत नाही त्याला काढणीच्या गर्दीत मिळेल त्या भावाला विकावा लागतो. १९८० सालच्या जानेवारीत महाग कांदा लोकसभेच्या प्रचारात गाजला आणि त्याच वर्षी चाकणला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी कांद्याला भाव मिळावा म्हणून रस्त्यावर उतरले. महागाई आणि मंदी यांत अंतर होते ते काही महिन्यांचेच. पिंपळगाव बसवंतला निवडलेला एन-२-४-१ हा टिकाऊ वाण, १९९४ साली सुरू झालेले आणि पुढे राजगुरुनगरला आलेले कांदा-लसूण संशोधन केंद्र, खालून आणि बाजूंनी वारा खेळवणारी कांदाचाळ, हे सारे प्रयत्न त्या काही महिन्यांसाठीच आहेत. तरीही चार-पाच महिन्यांच्या साठवणीत सड, कोंब आणि वजनातली घट मिळून मोठा वाटा आजही वाया जातो. भाव पडला की ‘शेतकऱ्याने थांबायला हवे होते’ असे शहरात बसून म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता अंगणे गेली, पण गच्चीवर किंवा वाफ्यात कांदा करणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सांगेन : कांदा फ्रिजमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. फ्रिजमधली ओल त्याला मानवत नाही, आणि तिथून बाहेर काढला की त्याला लवकर कोंब येतो. बटाट्याशेजारीही नको. जाळीच्या पिशवीत, वाऱ्यावर, सावलीत टांगा. दर पंधरवड्याला हात फिरवून नरम पडलेले वेगळे करा. आणि कांदेनवमीला, व्रत करा अथवा न करा, सारा साठा एकदा खाली उतरवून निवडा. भजीला कोणते कांदे घ्यायचे, ते त्याच वेळी कळेल.